विम्याचे कमिशन : लागण आणि खोडवा

शेतीच्या मासिकात विम्याच्या एजन्सीचा विषय कशास, असे कित्येक वाचकांस वाटेल. परंतु आमच्या करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्याकाठच्या ऊस-केळीच्या गावांपासून पूर्वेकडील तूर-उडदाच्या माळापर्यंत कोणाचा मुलगा तर कोणाची सून एजंट झालेली आढळते. आयुर्विमा महामंडळाची ‘बीमा सखी’ योजना ९ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाल्यापासून घरच्या स्त्रियांचेही लक्ष इकडे लागले आहे. तेव्हा या मिळकतीचा हिशेब शेतकऱ्याच्या घरात समजून घेणे अवश्य आहे.

प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यातील कारकुनी संपल्यावर हे काम पत्करले. सारा जन्म दुसऱ्यांच्या वसुलीचे तक्ते भरण्यात गेला. स्वतःच्या मिळकतीचा तक्ता मात्र पहिल्या वर्षी मांडला नाही, हे कबूल केले पाहिजे.

कमिशन हे पगारासारखे नसून उसासारखे आहे. पहिल्या वर्षाचे कमिशन ही लागण आणि पुढील वर्षांचे हा खोडवा. फरक इतकाच की, येथे खोडवा फारच हलका उतरतो. पूर्वी कमिशनची कमाल मर्यादा कायद्याने व नियमांनी ठरलेली असे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांची संचालक मंडळे दर ठरवितात. म्हणून दर योजनेगणिक निराळे आहेत. हिशेबापुरते पहिल्या वर्षी शेकडा २५ व दुसऱ्या वर्षी साडेसात धरू. प्रत्येकी १२,००० रुपये वार्षिक हप्त्याचे २४ विमे मिळविले, तर पहिल्या वर्षी ७२,००० रुपये हाती येतात. दुसऱ्या वर्षी सर्व विमे चालू राहिले तरी २१,६०० च. आणि आठ बंद पडले तर १४,४००. दरमहा ६,००० चे १,२०० झाले! नवे विमे मिळतात हे खरे, परंतु सोयरेधायरे व ओळखीची माणसे पहिल्याच वर्षी संपतात.

बीमा सखीस पहिल्या वर्षी दरमहा ७,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ६,००० व तिसऱ्या वर्षी ५,००० असे विद्यावेतन कमिशनखेरीज ठेविलेले आहे. परंतु पुढील वर्षाच्या विद्यावेतनास आधीच्या विम्यांपैकी किमान शेकडा ६५ चालू असावे लागतात. २४ पैकी आठ बंद पडले तर निभते. नववा बंद पडला की विद्यावेतनही अडते.

मी काय केले? मार्च महिन्यात एकदम आलेली रक्कम पाहून हप्त्याने मोटारसायकल घेतली. शिवाय एका भाऊबंदाचा विम्याचा हप्ता, “उसाचे बिल आले की देतो” या बोलीवर, खिशातून भरला. बिल लांबले, ते आल्यावर सोसायटीचे कर्ज आधी वळते झाले. पैसे गेले, पुढे विमाही बंद पडला आणि दिवाळीला येणे-जाणेही थांबले. कित्येक गिऱ्हाईके कमिशनातून सूट मागतात. ती देणे हा विमा कायद्याप्रमाणे गुन्हा असून दंड दहा लाखांपर्यंत आहे, हे त्यांस सांगण्यास भीड धरू नये.

आता कमिशन निराळ्या बचत खात्यात जमा होते. घरखर्चास दरमहा ठरीव रक्कम काढतो, आणि ती खोडव्याच्या मानाने ठरविली आहे, लागणीच्या नव्हे. पेट्रोल व फोन यांची कीर्द रोज लिहितो.

शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून कमिशनही तसेच, असा समज आपल्यात फार आहे. तो चुकीचा आहे. वर्षाचे कमिशन २०,००० रुपयांवर गेले की १ एप्रिल २०२५ पासून शेकडा २ कर कापूनच रक्कम मिळते. पॅन दिला नसेल तर कपात शेकडा २०. एकूण उत्पन्न करपात्र नसल्यास विवरणपत्र भरून ती परत मागता येते. ही रक्कम कित्येकजण उगाच सोडून देतात.

खोडव्यात नांग्या पडू नयेत म्हणून एक गोष्ट उपयोगी पडली. विमा उतरवितानाच हप्त्याचा महिना पिकाच्या पैशाशी जुळवावा. वार्षिक हप्त्यास मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्यास १५ च. नोकरदारास मासिक हप्ता सोसतो, शेतकऱ्यास सोसत नाही. उसाच्या घरचा हप्ता गाळपाचे बिल येण्याच्या सुमारास, उडदाच्या घरचा सप्टेंबराच्या अखेरीस. माझ्या वहीत आता प्रत्येक नावापुढे जन्मतारखेच्या शेजारी पीक लिहिलेले असते, आणि हप्त्याच्या पंधरा दिवस आधी मी त्या घरी जातो.