मुक्त पतन

केवळ गुरुत्वाकर्षणाच्या प्रभावाखाली होणाऱ्या पदार्थाच्या गतीला मुक्त पतन म्हणतात. या गतीत हवेचा रोध, आधाराची प्रतिक्रिया, दोरीचा ताण यांसारखी दुसरी कोणतीही प्रेरणा पदार्थावर कार्य करीत नाही, असे गृहीत धरलेले असते. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ, मर्यादित उंचीच्या पल्ल्यात गुरुत्वाकर्षणाचे मूल्य जवळजवळ स्थिर असल्यामुळे तेथील मुक्त पतन हे समप्रवेगी गतीचे (ज्या गतीत समान कालावधीत वेगात समान वाढ होते अशा गतीचे) सर्वांत परिचित उदाहरण होय.

ऐतिहासिक आढावा : जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा तिच्या वजनाच्या प्रमाणात अधिक वेगाने पडते, हे ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांचे मत युरोपात दीर्घकाळ मान्य होते. सहाव्या शतकात जॉन फिलोपोनस यांनी त्यास आक्षेप घेतला होता. सायमन स्टीव्हन यांनी १५८६ मध्ये भिन्न वजनांचे शिशाचे गोळे एकाच वेळी खाली सोडून ते जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतात असे नोंदविले. गॅलिलीओ (१५६४–१६४२) यांनी पीसा येथील कलत्या मनोऱ्यावरून असाच प्रयोग केल्याची कथा त्यांचे शिष्य व्हिव्हिआनी यांच्या लेखनावरून प्रसृत झाली परंतु तिला गॅलिलीओ यांच्या स्वतःच्या लेखनाचा आधार मिळत नाही. गॅलिलीओ यांचे खरे कार्य याहून महत्त्वाचे आहे. सरळ पडणाऱ्या वस्तूची गती त्या काळच्या साधनांनी मोजण्यास फार जलद असल्यामुळे त्यांनी उतरत्या फळीवरून गोळे घरंगळत सोडले व पात्रातून वाहून गेलेल्या पाण्याच्या वजनावरून काल मोजला. अंतर कालाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा त्यांचा निष्कर्ष १६३८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे न्यूटन यांनी १६८७ मध्ये गतिविषयक नियम व गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडून या निष्कर्षाचे कारण दाखविले.

भारतात भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी सिद्धांतशिरोमणि (११५०) या ग्रंथाच्या गोलाध्याय या भागात पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती असून तिच्यामुळे जड वस्तू पडताना दिसतात, असे प्रतिपादन केले आहे. पतनाचे कारण पृथ्वीत आहे, ही कल्पना त्यात स्पष्ट आहे तथापि पडण्यास लागणारा काल व आक्रमिलेले अंतर यांना जोडणारा गणिती नियम त्यात नाही. या दोन गोष्टींत भेद करणे आवश्यक आहे.

सर्व वस्तू सारख्याच प्रवेगाने का पडतात : एखाद्या वस्तूचे द्रव्यमान दुप्पट असल्यास पृथ्वी तिला दुप्पट प्रेरणेने ओढते परंतु तिची निरूढी (गतीत बदल होण्यास असलेला विरोध) देखील दुप्पट असते. त्यामुळे प्रेरणा व द्रव्यमान यांचे गुणोत्तर, म्हणजे प्रवेग, दोन्ही वस्तूंच्या बाबतीत तेच राहते. गॅलिलीओ यांनी हे केवळ विचारानेही दाखविले. जड दगड जलद व हलका दगड सावकाश पडत असेल, तर दोन्ही एकत्र बांधल्यास हलक्याने जडाला मागे ओढावयास हवे आणि जोडगोळी जड दगडापेक्षा सावकाश पडावयास हवी. परंतु जोडगोळीचे वजन जड दगडापेक्षा अधिक असल्याने ती त्याहून जलदही पडावयास हवी. एकाच गृहीतावरून परस्परविरुद्ध निष्कर्ष निघत असल्याने ते गृहीत टिकत नाही.

व्यवहारात मात्र ॲरिस्टॉटल यांचे मत खरे वाटावे असे अनुभव येतात. वऱ्हाडातील अमरावती, अकोला या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत याचे एक सोपे उदाहरण मिळते. सरकीचा दाणा व पिंजलेल्या रुईचा पुंजका एकाच उंचीवरून सोडल्यास सरकी झटकन खाली येते आणि रुई तरंगत राहते. येथे कारण वजनात आहे की हवेत, हे ठरविण्यासाठी रुईचे समान वजनाचे दोन भाग घेऊन एक मोकळा ठेवावा व दुसरा घट्ट दाबून त्याची गोळी करावी. वजने सारखी असूनही गोळी आधी जमिनीवर पोहोचते. अर्थात पतनातील फरक वजनामुळे नसून हवेपुढे येणाऱ्या पृष्ठभागामुळे पडतो. निर्वात नळीत पीस व नाणे बरोबरच पडतात. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो–१५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी वातावरणविरहित चंद्रावर हातोडा व ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले, तेव्हा दोन्ही एकदमच खाली पोहोचली.

गतीचे नियम : गुरुत्वीय प्रवेगाचे मूल्य सु. ९.८ मी./से.² आहे, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदास सु. ९.८ मी./से. ने वाढतो. स्थिर स्थितीतून सोडलेल्या वस्तूसाठी,

वेग = प्रवेग × काल,

अंतर = ½ × प्रवेग × काल²,

वेग² = २ × प्रवेग × अंतर

ही सूत्रे मिळतात. दुसऱ्या सूत्रातील ½ हा गुणक पुष्कळांना कृत्रिम वाटतो. वेग शून्यापासून एकसारखा वाढत जात असल्याने सरासरी वेग हा अखेरच्या वेगाच्या निम्मा असतो आणि अंतर म्हणजे सरासरी वेग गुणिले काल हे लक्षात घेतल्यास त्याचा उलगडा होतो. यावरून पहिल्या सेकंदात ४.९ मी., दुसऱ्यात १४.७ मी. व तिसऱ्यात २४.५ मी. अंतर आक्रमिले जाते. ही अंतरे १ : ३ : ५ या विषम संख्यांच्या प्रमाणात असतात.

याच कारणाने वाहते पाणी कड्यावरून पडताना एकसंध राहत नाही. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे पावसाळ्यात कोसळणाऱ्या धबधब्यांत हे दिसून येते. एकापाठोपाठ ०.१ सेकंदाने निघालेल्या पाण्याच्या दोन अंशांत आरंभी सु. ५ सेंमी. अंतर असते. पहिला अंश एक सेकंद पडल्यावर ते हवेचा रोध वगळता सु. ९३ सेंमी. व दोन सेकंदांनंतर सु. १.९ मी. होते. प्रवाह असा ताणला जाऊन बारीक होतो, तुटतो व त्याचे तुषार बनतात.

विहिरीची खोली : खडकात खोदलेल्या विहिरीत दगड टाकून आवाज येईपर्यंतचा काल मोजल्यास पाण्यापर्यंतची खोली अदमासे काढता येते. आवाज दोन सेकंदांनी ऐकू आल्यास सूत्रावरून खोली १९.६ मी. येते. परंतु या कालात ध्वनीला वर येण्यास लागलेला कालही समाविष्ट असतो. ध्वनीचा वेग ३४० मी./से. धरल्यास दगड प्रत्यक्षात सु. १.९४५ सेकंद पडत होता व खोली सु. १८.५ मी. आहे, असे दिसून येते. काल मोजण्यात ०.१ सेकंदाची चूक झाली, तर खोलीत सु. २ मी. चा फरक पडतो. म्हणून ही रीत अंदाजापुरतीच उपयुक्त असून मोजमापासाठी दोरीच अधिक विश्वसनीय ठरते.

उंचीवरून पडण्यातील धोका : वरील तिसरे सूत्र केवळ गणिती महत्त्वाचे नाही. निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये पेंढाऱ्यांपासून व्यापारी पेठेचे रक्षण करण्यासाठी बांधावयास घेतलेल्या अमरावतीच्या परकोटाची उंची ६ ते ८ मी. आहे. एवढ्या उंचीवरून पडणारी व्यक्ती १.१ ते १.३ सेकंदांत जमिनीवर पोहोचते आणि त्या वेळी तिचा वेग ताशी सु. ३९ ते ४५ किमी. असतो. सावरण्यास अवधी मिळत नाही आणि आघात रस्त्यावरील वाहनाच्या धडकेइतका होतो. वर काढलेल्या खोलीच्या विहिरीत हाच वेग ताशी सु. ६९ किमी. होतो. इजा किती होईल, हे वेगाइतकेच तो किती अंतरात नाहीसा होतो यावर अवलंबून असते. ६ मी. उंचीवरून पडलेले शरीर कठीण फरशीवर १० सेंमी. अंतरात थांबल्यास त्याचा सरासरी ऋण प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या ६० पट असतो. मऊ ढिगावर ते ६० सेंमी. अंतरात थांबल्यास तो १० पटच राहतो. विहिरीचा कठडा, बांधकामावरील जाळी व कमरेचा पट्टा यांची आवश्यकता या आकड्यांवरून स्पष्ट होते.

क्षितिजसमांतर फेक : आडव्या दिशेने फेकलेली वस्तूदेखील उभ्या दिशेत मुक्तपणेच पडत असते. दोन्ही दिशांतील गती परस्परांपासून स्वतंत्र असतात. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्ली यांच्या सैन्याने तोफांच्या माऱ्याने तटास खिंडारे पाडून १५ डिसेंबर १८०३ रोजी मेळघाटातील गाविलगड घेतला. अशा युद्धात ४०० मी./से. वेगाने क्षितिजसमांतर सुटलेला गोळा ४०० मी. अंतरावरील तटापर्यंत, हवेचा रोध वगळता, एका सेकंदात पोहोचतो व तेवढ्यात ४.९ मी. खाली येतो. म्हणून गोलंदाजास तोफेचे तोंड लक्ष्यापेक्षा वर धरावे लागते.

हवेचा रोध व अंतिम वेग : वेग वाढतो तसा हवेचा रोधही वाढतो. तो वजनाइतका झाला म्हणजे प्रवेग शून्य होऊन वस्तू स्थिर वेगाने पडू लागते. त्यास अंतिम वेग म्हणतात. २ मिमी. व्यासाच्या पावसाच्या थेंबाचा अंतिम वेग सु. ६.५ मी./से. असतो. फेब्रुवारी–मार्च २०१४ मध्ये विदर्भात व मराठवाड्यात झालेल्या गारपिटीने रब्बी पिकांची व फळबागांची मोठी हानी केली. १ सेंमी. व्यासाची गार सु. ९ मी./से., तर ५ सेंमी. व्यासाची गार सु. २५ ते ३० मी./से. वेगाने पडते. मोठी गार अधिक जड तर असतेच, शिवाय ती अधिक वेगानेही येते. वातावरण नसते, तर ४ किमी. उंचीवरून पडणारी कोणतीही गार सु. २८० मी./से. वेगाने आदळली असती व संत्र्याची एकही बाग उभी राहिली नसती.

नियमाच्या मर्यादा : प्रवेग स्थिर असतो हे गृहीतक केवळ मर्यादित उंचीपुरतेच ग्राह्य आहे. पृथ्वीबाहेरून येणाऱ्या अशनीला ते लागू पडत नाही. वातावरण नसते, तर दूर अंतराळातून येणाऱ्या पिंडाचा वेग पृथ्वीजवळ निदान ११.२ किमी./से. झाला असता. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील सु. १.८ किमी. व्यासाचे विवर अशाच अतिवेगवान अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झाले. पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रहही सतत मुक्त पतनच करीत असतो. त्याच्या आडव्या वेगामुळे पृथ्वीचा वक्र पृष्ठभाग त्याच्यापासून तितकाच खाली जात राहतो. त्यातील अंतराळवीर वजनरहित भासतात, ते तेथे गुरुत्वाकर्षण नसते म्हणून नव्हे, तर यान व प्रवासी एकाच प्रवेगाने पडत असतात म्हणून.

गुरुत्वीय प्रवेगाचे स्थानिक मूल्य : विषुववृत्तावर समुद्रसपाटीस हे मूल्य सु. ९.७८० व ध्रुवावर सु. ९.८३२ मी./से.² असते. १९०१ मध्ये ९.८०६६५ मी./से.² हे प्रमाणित मूल्य स्वीकारण्यात आले. अक्षांश व उंची यांवरून काढलेले अमरावतीचे मूल्य सु. ९.७८६ मी./से.² येते. चिखलदऱ्यास ते याहून ०.००१ ते ०.००२ मी./से.² नी कमी भरते. आधुनिक निरपेक्ष गुरुत्वमापकात निर्वात नळीत पडणाऱ्या परावर्तकाचे अंतर लेसर किरणांच्या साहाय्याने मोजून हे मूल्य काढतात, म्हणजे त्याचे तत्त्व गॅलिलीओ यांच्या प्रयोगाचेच आहे. भूमीखालील खडकांच्या घनतेप्रमाणे गुरुत्वात सूक्ष्म फेरफार होतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील जाड गाळाची घनता भोवतालच्या बेसाल्टपेक्षा कमी असल्याने तेथे गुरुत्व किंचित कमी असणे अपेक्षित असते. अशा फेरफारांच्या मापनावरून भूमिगत संरचनेचा व खनिजांचा मागोवा घेता येतो.