नेटमधली सफाई आणि मैदानावरचा खेळ

खेळातले कौशल्य अंगवळणी पडले की नाही, हे सराव चालू असताना कळत नाही. चार-आठ दिवसांनी, वेगळ्या परिस्थितीत तेच साधते का, यावरून ते कळते. सरावाची आखणी फसते ती बहुधा इथेच.

क्रिकेटच्या नेटमध्ये प्रशिक्षक एकाच टप्प्यावर तीस थ्रोडाउन, म्हणजे हाताने फेकलेले चेंडू, देतात. दहाव्या चेंडूपासून कव्हर ड्राइव्ह बॅटच्या मध्यावर बसू लागतो. फलंदाज खूश, प्रशिक्षक खूश, जाळीबाहेरचे पालक तर फारच खूश. पण चेंडू कुठे पडणार हे आधीच ठाऊक असल्याने टप्पा ओळखणे, पुढे यायचे की मागे जायचे हे ठरवणे, हे काम फलंदाजाने केलेलेच नसते. सामन्यात नेमके तेच करावे लागते.

गुड आणि मॅगिल या संशोधकांनी १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिस नवशिक्यांना शिकवून, एकच गोष्ट घोटणे बरे की सरमिसळ, हे तपासले. काहींनी एका दिवशी एकच सर्व्हिस घोटली; काहींनी तिन्ही आलटून-पालटून केल्या. पुढे कोर्टाची बाजू बदलून चाचणी घेतली, तेव्हा आलटून-पालटून शिकलेले सरस ठरले. दर वेळी आधीची हालचाल बाजूला ठेवून नवी जुळवावी लागते. त्या खटपटीतच शिकणे घडते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. सरावात चुका जास्त होतात, हे मात्र सोसावे लागते.

याचा अर्थ घोटणे निरुपयोगी, असा नाही. ज्याला बॅट धड धरता येत नाही त्याला आधी एकच चेंडू पुन्हापुन्हा खेळू द्यावा; हालचाल ढोबळमानाने जमली की टप्पा, वेग, दिशा यांची सरमिसळ सुरू करावी. रविवारी सलग तीन तास घाम गाळण्यापेक्षा तोच वेळ आठवड्यातल्या चार दिवसांत विभागलेला बरा. आणि प्रत्येक चेंडूनंतर प्रशिक्षकाने सूचना देऊ नये. सतत सांगणारा असला की खेळाडू स्वतःची चूक स्वतः शोधायचे सोडून देतो.

प्रगती मोजायचीच असेल, तर सत्राच्या शेवटी हात बसल्यावर मोजू नका. पुढच्या सत्रात, घोटून घेण्याआधीच्या पहिल्या सहा चेंडूंवर मोजा.