पूर्वअटी, महाविद्यालयीन पाठ्यक्रमांच्या

एखाद्या पाठ्यक्रमास प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने जे ज्ञान वा कौशल्य संपादन केलेले असणे शिक्षणसंस्था आवश्यक मानते, त्याविषयीच्या नियमास पूर्वअट म्हणतात. पदवीसाठी आखलेली संपूर्ण शिक्षणयोजना म्हणजे अभ्यासक्रम आणि तीमधील एका सत्रात शिकविला जाणारा स्वतंत्र घटक म्हणजे पाठ्यक्रम, असा भेद येथे केला आहे. पूर्वअट ही पाठ्यक्रमाच्या अधिकृत वर्णनाचा भाग असते. या वर्णनात पाठ्यक्रमाचे नाव व क्रमांक, आशय, उद्दिष्टे, श्रेयांक, तासिका आणि मूल्यमापनाची पद्धती यांचाही निर्देश असतो. आशय बदलला, की पूर्वअट तपासून पाहावी लागते व पूर्वअट बदलली, की आशयाची पातळी. त्यामुळे या दोहोंतील बदलांचा विचार एकत्रच करावा लागतो.

प्रकार : पूर्वअटींचे सामान्यतः तीन प्रकार मानतात. आधीचा पाठ्यक्रम उत्तीर्ण झाल्याशिवाय प्रवेशच मिळत नसेल, तर ती अनिवार्य पूर्वअट होय. उदा., एकचल कलनशास्त्रावाचून अवकल समीकरणांचा पाठ्यक्रम घेता येत नाही. दोन पाठ्यक्रम एकाच सत्रात बरोबरीने घेणे बंधनकारक असेल, तर ती सहअट होय. पदार्थविज्ञानाचे सैद्धांतिक अध्यापन व त्याची प्रयोगशाळा यांची जोडी या प्रकारची असते. तिसरा प्रकार केवळ शिफारशीचा असून तो विद्यार्थ्यास सल्ला देतो, प्रवेश नाकारत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सर्व विद्यार्थी एकच ठरीव अभ्यासक्रम वर्षानुवर्षे ठरलेल्या क्रमाने शिकत होते, तोपर्यंत प्रत्येक पाठ्यक्रमास वेगळी पूर्वअट घालण्याचे फारसे कारण नव्हते. मागील वर्ष उत्तीर्ण होणे हीच पुढील वर्षाची पूर्वअट होती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्हर्जिनिया विद्यापीठाने १८२५ मध्ये आरंभापासूनच विद्यार्थ्यांना निवडीची काही मुभा दिली. चार्ल्‌स विल्यम एलियट (१८३४–१९२६) हे हार्व्हर्डचे अध्यक्ष असताना (१८६९–१९०९) तेथे ऐच्छिक विषयांची पद्धती पूर्णत्वास गेली. विद्यार्थी आपला क्रम स्वतः ठरवू लागल्यावर कोणता पाठ्यक्रम कशानंतर घ्यावा, हे छापील विवरणपुस्तिकेत सांगणे अपरिहार्य झाले. पूर्वअट ही अशा रीतीने निवडस्वातंत्र्याची सहचारिणी आहे.

भारतात १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. तेथे मॅट्रिक व मधल्या परीक्षा या पदवीकडे जाणाऱ्या पायऱ्या होत्या. कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशींनंतर १०+२+३ असा आकृतिबंध रूढ झाल्यावर बारावीतील विषयांची निवड हीच बहुतेक पदव्यांची मुख्य पूर्वअट ठरली. एखाद-दुसऱ्या विषयात अनुत्तीर्ण झालेल्यास पुढील वर्षात बसू देणारी ‘एटीकेटी’ची सवलत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. तत्त्वतः ती पूर्वअटीची शिथिलताच होय.

बदलाची कार्यपद्धती : महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत पाठ्यक्रमाचा आशय अभ्यास मंडळ ठरविते. त्याची शिफारस विद्याशाखेमार्फत विद्या परिषदेकडे मान्यतेसाठी जाते. स्वायत्त महाविद्यालयांस स्वतःची अभ्यास मंडळे व विद्या परिषद असतात. प्रस्ताव लहान दिसला, तरी त्याचे परिणाम दूरवर पोहोचू शकतात. संख्याशास्त्राच्या प्रारंभिक पाठ्यक्रमातून संभाव्यतेचे प्रकरण वगळल्यास अर्थशास्त्र, मानसशास्त्र व जीवशास्त्र या विभागांतील जे पाठ्यक्रम त्यावर अवलंबून असतील, त्या सर्वांचा पाया खचतो. उलट, एक नवी पूर्वअट वाढविल्यास पदवीपर्यंतची साखळी एका सत्राने लांबू शकते आणि तो पाठ्यक्रम वर्षातून एकदाच शिकविला जात असल्यास एका अपयशाने विद्यार्थ्याचे संपूर्ण वर्ष वाया जाते. म्हणून बदल कोणत्या तुकडीपासून लागू होईल, जुन्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा किती काळ चालू राहतील आणि जुन्या व नव्या पाठ्यक्रमांची समकक्षता कशी ठरेल, हे आरंभीच स्पष्ट करणे इष्ट असते.

कॅलिफोर्नियातील अनुभव : पूर्वअट ही अध्यापनाची सोय असली, तरी ती प्रवेशाचा अडसरही ठरू शकते, हे कॅलिफोर्निया राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांच्या इतिहासावरून दिसते. चाचण्या व पूर्वअटी यांमुळे लॅटिन अमेरिकी वंशाचे विद्यार्थी अन्यायाने वगळले जातात, या आरोपावरून तेथे १९८८ मध्ये दावा दाखल झाला. पुढे तडजोड होऊन पूर्वअटींविषयीचे नियम कडक करण्यात आले. या नियमांनुसार पूर्वअट आवश्यक असल्याचे आशयाच्या छाननीने दाखवावे लागते व सामान्यतः दर सहा वर्षांनी तिचे पुनरीक्षण करावे लागते. व्यावसायिक पाठ्यक्रमांसाठी ही मुदत दोन वर्षांची आहे. आवश्यक ज्ञान अन्य मार्गाने मिळविले असल्याचे दाखवून विद्यार्थी पूर्वअटीस आव्हान देऊ शकतो. २०१७ मध्ये संमत झालेल्या कायद्याने महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना पूर्वतयारीच्या वर्गांत सक्तीने अडकवून ठेवण्यावर मर्यादा घातली. इंग्रजी व गणित यांतील प्रवेश ठरविताना माध्यमिक शाळेतील कामगिरी विचारात घेणे त्याने बंधनकारक केले. पूर्वतयारीच्या वर्गांची जागा मोठ्या प्रमाणावर मुख्य पाठ्यक्रमाबरोबरच्या साहाय्यक वर्गांनी, म्हणजे एका अर्थी सहअटीने, घेतली. या धोरणाने मार्ग मोकळा झाला, की कच्च्या विद्यार्थ्यांचा आधार गेला, याविषयी तेथील अध्यापकांत मतभेद आहेत.

भारतातील अलीकडील बदल : अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये अभियांत्रिकी प्रवेशासाठी चौदा विषयांची यादी दिली व त्यांपैकी कोणतेही तीन विषय पुरेसे मानले. गणित व भौतिकी यांची सक्ती गेल्याची टीका होताच गणिताचे महत्त्व कायम असल्याचा खुलासा परिषदेला करावा लागला. उणीव भरून काढण्यासाठी सेतू पाठ्यक्रमांची तरतूद सुचविण्यात आली होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्यांना वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची वाट खुली केली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी शिक्षणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात पाठ्यक्रमांना पातळीदर्शक क्रमांक दिले आहेत. ० ते ९९ हे क्रमांक पूर्वअटीच्या पाठ्यक्रमांसाठी असून त्यांना श्रेयांक नाहीत व निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा असतो. १०० ते १९९ हे पायाभूत, २०० ते २९९ मध्यम आणि ३०० ते ३९९ उच्च पातळीचे पाठ्यक्रम होत. ४०० पासून त्यापुढील प्रगत पातळी सुरू होते. पूर्वी अनौपचारिकपणे चालणाऱ्या सेतुवर्गांना यामुळे पाठ्यक्रमाच्या चौकटीत निश्चित स्थान मिळाले. डिसेंबर २०२४ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केलेल्या विनियमांच्या मसुद्यात संबंधित प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यास बारावीच्या विषयांचा विचार न करता कोणत्याही शाखेत प्रवेश देण्याची कल्पना मांडण्यात आली.

मूल्यमापन : पूर्वअट फार सैल असल्यास विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो, पण अध्यापन समजत नाही आणि अपयशाचा भार त्याच्यावरच पडतो. ती अकारण कडक असल्यास समर्थ विद्यार्थीही दाराबाहेर राहतो. शाळेत विज्ञान वा उच्च गणित शिकविण्याची सोयच नसलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याला हा दुसरा धोका अधिक जाणवतो. त्याच्या बाबतीत अट काढून टाकणे पुरेसे नसते. अटीमागील ज्ञान महाविद्यालयातच मिळविण्याची सोय करावी लागते. अट ज्या ज्ञानासाठी घातली, ते ज्ञान पाठ्यक्रमात प्रत्यक्ष वापरले जाते काय, ही पूर्वअटीची खरी कसोटी होय. ते वापरले जात नसल्यास अट रद्द करणे आणि वापरले जात असल्यास पाठ्यक्रमाच्या वर्णनात त्याचा स्पष्ट उल्लेख करणे, हे शिक्षणसंस्थेचे कर्तव्य ठरते.