ब्राउझरचा वेग आणि रॅमचा हिशेब

ब्राउझर फार रॅम वापरतो ही तक्रार सार्वत्रिक असली, तरी त्या वापरामागे बऱ्याच अंशी रचनेचा जाणीवपूर्वक निर्णय असतो. २००८ साली आलेल्या क्रोमने टॅबचे काम स्वतंत्र प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतःची वेगळी स्मृती राखणाऱ्या कार्यघटकांत, विभागण्याची पद्धत रूढ केली; त्यामुळे एक पान कोसळले तरी उरलेली सहसा चालू राहतात, परंतु काही सामग्री प्रत्येक प्रोसेसमध्ये नव्याने साठवावी लागते. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील ‘स्पेक्टर’ हा दोष जाहीर झाला आणि एका संकेतस्थळाचा कोड त्याच प्रोसेसमधील दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती वाचू शकेल, हा धोका ठळक झाला. म्हणून क्रोमने त्याच वर्षी डेस्कटॉपवर संकेतस्थळांना परस्परांपासून विलग केले, ज्यासाठी गूगलच्या मोजणीनुसार सुमारे १० ते १३ टक्के अधिक रॅम लागली. फायरफॉक्सने २०२१ मध्ये हाच मार्ग धरला.

वेग मोजणारी ‘स्पीडोमीटर’ ही चाचणी नमुना वेब-अ‍ॅपमध्ये नोंदी घालणे, पुसणे अशा क्रिया करवून प्रतिसादाचा काळ नोंदवते. मात्र रॅमच्या वापराबद्दल तिचे गुण काहीच सांगत नाहीत. रॅमची तुलनाही सोपी नाही, कारण अनेक प्रोसेस काही स्मृती सामायिकपणे वापरतात आणि त्यांचे आकडे नुसते बेरजेस घेतल्यास तोच भाग पुन्हा पुन्हा मोजला जाऊ शकतो. शिवाय रिकामी रॅम तात्पुरत्या साठ्यासाठी वापरल्याने पाने लवकर उघडतात, तर निष्क्रिय टॅब झोपवून वाचवलेली रॅम पान पुन्हा उघडताना प्रतीक्षेच्या रूपाने फेडावी लागते. त्यामुळे तीच पाने, तीच एक्स्टेन्शन्स आणि तेच यंत्र ठेवून केलेली तुलनाच ग्राह्य ठरते.