रिंगफार्टवरची दोरी

हूफडॉर्पहून आज थोडं गणित.

आपलं हार्लेमरमेर पूर्वी तलाव होतं. 1840 पासून त्याभोवती कालवा खणला, वाफेच्या तीन पंपांनी पाणी उपसलं आणि 1852 मध्ये तळ कोरडा झाला. तो कालवा, म्हणजे रिंगफार्ट, आजही सुमारे 60 किलोमीटरचा वेढा घालून आहे.

तिथे सायकल चालवताना मी मुलीला विचारलं, "कालव्यात पूर्ण फेऱ्याची दोरी टाकली, तर पाण्याबाहेर न काढता ती एका जागी गोळा होईल?"

"कशी होईल बाबा? मध्ये आपलं गाव आहे!"

बरोबर. दोरी कितीही ताणा, सरकवा, वेढ्यांची संख्या तीच राहते. न तोडता असं हळूहळू सरकवणं म्हणजे होमोटोपी. वेढे मोजण्याची ही कल्पना 1910 च्या सुमारास ॲमस्टरडॅमच्या ब्राउवर यांनी उंच मितींत नेली.

आता संमिश्र संख्या घ्या. होलोमॉर्फिक मॅपिंगचा नियम कडक असतो. काही बिंदू सोडले, तर अगदी लहान चौकोन फिरतो, लहानमोठा होतो, पण वाकडा होत नाही.

शून्य वगळलेलं अख्खं प्रतल घ्या. प्रत्येक संख्येचा वर्ग केला, की एका वेढ्याचे दोन होतात. हे मॅपिंग होलोमॉर्फिक आहे. पण हेच प्रतल रिंगफार्टसारख्या कड्यात बसवायचं असेल तर? रबरासारखं दाबून, वेढा राखून बसतं. होलोमॉर्फिक रीतीने मात्र नाही. रीमान आणि लिउव्हिल यांची प्रमेयं मिळून सांगतात, की असं मॅपिंग सगळंच एका बिंदूवर नेतं. वेढा संपला!

"मग जमेल की नाही, हे आधी कसं कळायचं?" मुलीने विचारलं. मी गप्प. घरी येऊन वाचलं.

जपानच्या कियोशी ओका यांनी 1939 मध्ये वाट दाखवली. सुरुवातीचं क्षेत्र योग्य प्रकारचं असेल, ज्याला आज श्टाइन म्हणतात, आणि पोहोचायचं ठिकाण शून्य वगळलेलं प्रतल असेल, तर कुठलंही न तुटणारं मॅपिंग सरकवत होलोमॉर्फिक करता येतं. 1989 मध्ये ग्रोमोव्ह यांनी अशा आणखी पुष्कळ ठिकाणांची खूण सांगितली. कडं त्यांत बसत नाही.

प्रकल्प अडला, की आम्ही सल्लागार आधी विचारतो, अडचण आराखड्यात आहे की नियमात? ओकांचा प्रश्नही तोच.

घरी बांगडीत दोरा ओवून मुलांना दाखवा. भेटू पुढच्या भागात!