सापडलेली तलवार, घडवलेला योद्धा

राक्षस मारायचा, त्याच्याकडून पडलेली वस्तू उचलायची, ती आपल्या पात्राच्या कामाची आहे का ते पाहायचं आणि पुढे निघायचं. ॲक्शन आरपीजी या खेळप्रकाराचा गाभा एवढाच आहे. त्याला दोन बाजू आहेत. एक लूट, म्हणजे नशिबाने हाती येणारी शस्त्रं, चिलखतं, अंगठ्या. दुसरी बिल्ड, म्हणजे कौशल्यं, गुण आणि वस्तू यांची खेळणाऱ्याने डोकं लढवून केलेली जुळणी. 1996 च्या अखेरीस ‘डायब्लो’ आला, तेव्हापासूनचे महत्त्वाचे गेम एकापुढे एक ठेवून पाहिले तर माझं मत पक्कं होत जातं: नशीब आणि डोकं एकमेकांना कामाला लावतात तोवरच हे गेम जिवंत असतात. यातली एक बाजू दुसरीपासून सुटली, की उरतो तो नुसता क्लिकचा खडखडाट.

‘डायब्लो’ची कल्पना डेव्हिड ब्रेविक यांची. सुरुवातीला तो पाळीपाळीने चाल खेळण्याचा गेम होता. प्रकाशक कंपनी ब्लिझार्डच्या आग्रहामुळे ब्रेविक यांनी एका दुपारी तो रिअल-टाइम करून पाहिला. माउसच्या एका क्लिकसरशी सांगाडा कोसळला आणि या प्रकाराची दिशा ठरली. तळघरांची रचना दर वेळी वेगळी, वस्तूंचे गुणही दर वेळी वेगळे. लुटीची ओढ इथे जन्मली. बिल्डचा विचार मात्र अजून बाल्यावस्थेत होता.

तो बहरला 2000 साली, ‘डायब्लो 2’मध्ये. प्रत्येक वर्गाला तीन स्किल ट्री आणि एकूण तीस कौशल्यं मिळाली. एकदा दिलेला पॉइंट परत घेता येत नसे, त्यामुळे प्रत्येक निर्णयाला वजन होतं. 2001 च्या ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ या विस्ताराने रूनवर्ड आणले, म्हणजे वस्तूच्या खाचांत ठराविक क्रमाने बसवायच्या रूनची जुळणी. त्यांतला पुढच्या एका पॅचमधला ‘एनिग्मा’ हे या सगळ्या कारागिरीचं उत्तम उदाहरण. तीन खाचांच्या चिलखतात जाह, इथ आणि बेर हे रून याच क्रमाने बसवले, की कोणत्याही वर्गाला चेटकिणीची टेलिपोर्ट विद्या मिळते. फिरते हातोडे फेकणारा पॅलाडिन एरवी चालत जाऊन शत्रूला गाठायचा. एनिग्मा मिळाल्यावर तो थेट घोळक्याच्या मधोमध उतरू लागला. त्या चिलखताने नुसता नुकसानीचा आकडा फुगवला नाही, खेळण्याची पद्धतच बदलून टाकली. लूट बिल्डला नवा प्रश्न घालते ती अशी.

या गेमची अर्थव्यवस्थाही खेळाडूंनीच उभारली. सोन्याला किंमत उरली नाही, तेव्हा ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ ही अंगठी चलन म्हणून फिरू लागली. पण निर्णय मागे घेता न येण्याची शिक्षा फार कडक होती. चुकलेलं पात्र टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. पॉइंट परत मिळवण्याची सोय थेट 2010 मध्ये आली.

मधल्या काळात ‘टायटन क्वेस्ट’ने 2006 मध्ये दोन विद्या एकत्र करून आपला वर्ग आपणच घडवण्याची मुभा दिली. 2009 चा ‘टॉर्चलाइट’ सुटसुटीत आणि प्रसन्न होता. सगळ्यांचे डोळे मात्र ‘डायब्लो 3’कडे लागले होते.

तो 15 मे 2012 रोजी आला आणि सांगड तुटली. गेममध्येच लिलावघर होतं, त्यात खऱ्या पैशांनीही वस्तू घेता येत. जमिनीवर पडणारी बहुतेक लूट निरुपयोगी असल्यामुळे शहाणपणाचा मार्ग एकच उरला: सोनं जमवा आणि लिलावात खरेदी करा. राक्षस मारण्याला अर्थच राहिला नाही. लिलावघर खेळाच्या गाभ्यालाच बाधक ठरल्याचं ब्लिझार्डने जाहीरपणे मान्य केलं आणि मार्च 2014 मध्ये ते बंद केलं. सोबत आलेल्या ‘लूट 2.0’ या सुधारणेने आणि ‘रीपर ऑफ सोल्स’ या विस्ताराने गेम सावरला, वस्तू कमी संख्येने पडू लागल्या, पण आपल्या वर्गाच्या कामाच्या. पुढे मात्र सहा वस्तूंचे संच एखाद्या कौशल्याचं नुकसान हजारो टक्क्यांनी वाढवू लागले. मग बिल्ड कोणती करायची हे संचच ठरवू लागला. आधी नशीब बाजूला पडलं होतं, आता डोकं.

याच सुमारास, ऑक्टोबर 2013 मध्ये, न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गियर गेम्सने ‘पाथ ऑफ एक्झाइल’ आणला. त्यात मुळात सोनंच नव्हतं. चलन म्हणजे वेगवेगळे ऑर्ब, आणि प्रत्येक ऑर्ब वस्तू सुधारण्याचं हत्यारही. एक ऑर्ब साध्या वस्तूला दुर्मीळ करतो, दुसरा तिचे गुण नव्याने उधळतो. तो खर्च करावा की व्यापारात द्यावा, हा पेच कायमचा. कौशल्यं वस्तूंच्या खाचांत बसवायच्या रत्नांच्या रूपात, आणि हजारावर बिंदूंचा पॅसिव्ह ट्री सर्व वर्गांना सामाईक. त्यातला एक बिंदू घेतला तर पात्राचं कमाल आयुष्य 1 होतं, पण केऑसच्या नुकसानीपासून ते पूर्ण मुक्त होतं. मग जगायचं ते फक्त एनर्जी शील्ड या वेगळ्या संरक्षक कवचावर. अशा एका निवडीने हेल्मेटपासून बुटांपर्यंत सगळा शोध बदलतो. खोलीत या गेमला तोड नाही. नवख्याला मात्र तो पहिल्याच संध्याकाळी दमवतो.

तो दमवणारा भार 2016 च्या ‘ग्रिम डॉन’ने हलका केला. दोन विद्यांची जोडी, नक्षत्रांतून मिळणारी देवकृपा, स्वस्तात पॉइंट परत घेण्याची सोय, शिवाय इंटरनेटविना खेळता येणारा पूर्ण गेम. 2023 चा ‘डायब्लो 4’ देखणा निघाला, पण वस्तूंवर जवळच्या शत्रूला इतकं, दूरच्याला तितकं अशा अटींची गर्दी होती. लूट वाचताना डोकं शिणत होतं, निर्णय मात्र छोटेच राहत होते. मे 2024 च्या चौथ्या सीझनमध्ये ही गर्दी कमी करावी लागली.

फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्ण रूपात आलेला ‘लास्ट एपॉक’ मला या प्रवासातला सर्वांत विचारी टप्पा वाटतो. प्रत्येक कौशल्याला स्वतःचा ट्री आहे. वस्तू घडवण्याची क्षमता मर्यादित असल्याने प्रत्येक बदल जपून करावा लागतो. आणि लिलावघराच्या जुन्या वादावर त्याने खरा तोडगा काढला: व्यापार करणाऱ्यांचा एक गट, स्वतः शोधणाऱ्यांचा दुसरा. शोधणाऱ्यांना लूट अधिक मिळते, पण बाजार त्यांना बंद. दोन्ही वाटांना मान आहे. डिसेंबर 2024 मध्ये अर्ली ॲक्सेसला आलेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल 2’नेही रत्नांना चिलखताच्या खाचांतून मोकळं केलं; चांगलं चिलखत सापडलं तर कौशल्यांची घडी न मोडता ते घालता येतं.

लिलावघराचा धडा कंपन्या शिकल्या. आता धोका दुसरीकडून आहे. पहिल्या दिवशीच तयार बिल्ड गाइड उघडून त्यातली यादी पुरी करत गेलं, तर लूट म्हणजे नुसती खरेदीची यादी उरते. लिलावघराने शोध काढून घेतला होता, गाइड विचार काढून घेतो. म्हणून या खेळात नव्याने येणाऱ्याने ‘ग्रिम डॉन’ किंवा ‘लास्ट एपॉक’पासून सुरुवात करावी आणि पहिलं पात्र स्वतःच्या डोक्याने घडवावं. ते कुठेतरी अडेल. तिथे ते का अडलं, कोणती वस्तू सापडली तर सुटेल, याचा विचार सुरू होईल. आणि ती वस्तू पडेल तेव्हा तिची किंमत कुणी सांगावी लागणार नाही.