इतिहासाला मोडीचा भाव

लंडनमधल्या सदबीजच्या लिलावातून सेनासाहेबसुभा रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने मिळवली, १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत पोचली आणि तिचं स्वागत कसं झालं ते सगळ्यांनी पाहिलं. हाताळणी, वाहतूक, विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपये लागले. युरोपी बनावटीचं पातं, मुठीवर सोन्याचं काम आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत धन्याचं नाव. नागपूरकर भोसल्यांचा अंमल पाहिलेल्या वऱ्हाडाने तरी या खर्चावर कुरकुर करण्याचं कारण नाही.

आता तीच तलवार वऱ्हाडात कुठेतरी पुरलेली होती असं समजा. अचलपूरकडच्या एखाद्या गढीची पांढरी माती काढताना ती जेसीबीच्या दाताला लागली. मजुराने इमानाने तहसीलदारांना कळवलं. चौकशी झाली, कुणी वारस पुढे आला नाही, आणि तलवार सरकारसाठी घ्यायची असं जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवलं. मजुराला द्यायची रक्कम मग अशी निघेल: लोखंड इतके किलो, सोनं इतके ग्रॅम, दोन्हींचा चालू भाव, आणि बेरजेवर एक पंचमांश जादा. रघुजींचं नाव या हिशेबात कुठेच येत नाही.

हा हिशेब भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ च्या कलम १६ मधला आहे. जुनाट कायद्यांच्या गमती सांगायच्या झाल्या की लोक याच कायद्याचं कलम ४ काढतात. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, असं ते म्हणतं. दहा रुपयांत आज अकोल्याच्या स्टँडवर एक कट चहा येतो, तेव्हा हसू येणारच. पण नुकसान करणारं कलम सोळावं आहे, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

कायदा करणारे भाबडे नव्हते. कुणब्याला मोहरांचा गडू सापडला की तो सराफाची पायरी चढणार, सराफ मोहरा मुशीत टाकणार आणि सकाळी त्यांची लगड झालेली असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सराफ मोडीला घट कापतो. सरकार उलट वर वीस टक्के देतं. म्हणजे माणूस सरकारकडे वळेल. वाटणीतही हात आखडता नव्हता. जागेचा मालक वेगळा असेल आणि दोघांत काही करार नसेल, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निधीची खबर देणाऱ्याला सहावा हिस्सा मिळतो, तो चाकर असेल तर बारावा. त्या मानाने राणीचं सरकार दिलदारच म्हणायचं. फक्त जमिनीतून निघतो तो धातू आणि धातूची किंमत वजनात, एवढं त्याने धरून चाललं.

वऱ्हाडाच्या मातीने हे गणित १९३९ मध्ये चुकवलं. मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी, म्हणजे तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यात, सातवाहनांच्या हजाराहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ना सोनं, ना चांदी. तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाची, पोटीन म्हणतात त्या धातूची, काळपट चकत्यांसारखी नाणी. एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडलेलं उज्जयिनी चिन्ह. भंगारवाल्याने किलोवर घेतली असती.

ती वाचली वासुदेव विष्णु मिराशींनी. वाकाटकांवरच्या त्यांच्या कामाचा बोलबाला एवढा आहे की नाण्यांवरचे मिराशी अनेकांना माहीत नसतात. संस्कृतचे प्राध्यापक म्हणून त्यांची हयात नागपुरात गेली, पुढे ते अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. तऱ्हाळ्याचा साठा त्यांनी १९४० मध्ये नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. काम किचकट होतं. या नाण्यांचा ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे राजाचं नाव एका नाण्यावर पुरतं उमटतच नाही. एकावर नावाची सुरुवात असते, दुसऱ्यावर मधली दोन अक्षरं, तिसऱ्यावर ‘सातकणिस’चा शेवट. अशी पाच-सहा नाणी शेजारी मांडली की एक राजा उभा राहतो.

मिराशींनी असे राजे उभे केले. गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ हे ओळखीचे होतेच. पण त्यांच्या पंगतीत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी येऊन बसले, आणि या तिघांची नावं पुराणांतल्या आंध्र राजांच्या यादीत नाहीत. विजय सातकर्णी पुराणात होता, त्याला नाण्याचा पुरावा मिळाला. सातवाहनांच्या अखेरच्या काळाची वंशावळ सांगताना अभ्यासकाला तऱ्हाळ्याचं नाव घ्यावंच लागतं. गावातले मूठभर लोक रात्रीतून ही नाणी वाटून घेऊन निघून गेले असते, तर प्रत्येकाकडे दोन-दोन अक्षरं राहिली असती आणि राजा कुणालाच सापडला नसता.

असा साठा आज मिळाला आणि कलम १६ लावलं तर? हजार नाणी धरू, प्रत्येकी तीन ग्रॅमची. तीन किलो धातू झाला. सगळं तांबंच आहे असं उदारपणे मानलं आणि भंगारात किलोला सातशे रुपये धरले, तर २१०० रुपये. त्यावर एक पंचमांश, ४२० रुपये. एकूण २५२०. सापडवणाऱ्याला १८९० आणि शेताच्या मालकाला ६३०. पुराणांना माहीत नसलेल्या तीन राजांसकट. ही रक्कम हाती पडण्याआधी चौकशीची जाहीर सूचना निघते आणि दावेदारांसाठी किमान चार महिन्यांनंतरची तारीख पडते. तहसिलीच्या खेपा, बुडालेला रोज आणि गावात उठलेली आवई वेगळीच. दुसऱ्या बाजूला, कळवलं नाही तर वर्षापर्यंत कैद आहेच. शहाणा माणूस काय करेल?

बारकाईने पाहिलं तर या व्यवस्थेत तज्ज्ञाची जागाच चमत्कारिक आहे. पुरातत्त्व खात्याचा माणूस वस्तू बघतो, काळ सांगतो, लिपी वाचतो, संग्रहालयाने ती घ्यावी की नाही हेही सुचवतो. भाव मात्र काटा ठरवतो.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. शत्रूचा पैसा जप्त करून त्यावर आपलं नाव उठवल्याचा इतका ढळढळीत पुरावा भारतात दुसरा क्वचितच असेल. ठसा पुन्हा मारल्याने चांदीचं वजन गुंजभरही वाढत नाही, त्यामुळे कलम १६ पुढे ठसा मारलेलं आणि न मारलेलं नाणं सारखंच.

अचलपूरजवळच्या चम्मक गावचं उदाहरण तर या विषयासाठीच घडावं तसं आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे शेत नांगरताना वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट वर आला. राजाने आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी भोजकट राज्यातलं चर्मांक गाव हजार ब्राह्मणांना दिलं, त्याचा हा लेख. चर्मांक म्हणजेच चम्मक. दान घेणाऱ्यांनी राजद्रोह करू नये, चोरी करू नये, अशा अटी त्यात आहेत आणि सवलतींची लांबलचक यादी आहे. त्या यादीत निधी आणि उपनिधी, म्हणजे गावच्या जमिनीत सापडणारं धन आणि ठेवी, यांवरचा हक्कही राजाने गावासोबत देऊन टाकला आहे. पुरलेल्या धनाचा हक्क कुणाचा, हे पंधराशे वर्षांपूर्वी ठरवून देणारा कागद अमरावतीच्या जमिनीतच पुरलेला होता! त्याची आजची कायदेशीर किंमत तांबटाच्या दुकानात विचारावी लागेल. मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनीच्या जैन कांस्यमूर्तींचंही तेच. नागपूरच्या संग्रहालयाला, म्हणजे अजब बंगल्याला, भूषण ठरलेल्या त्या मूर्ती कलमाच्या नजरेत काही किलो कासं आहेत.

इंग्लंडने स्वतःपुरता हा प्रश्न वेगळा सोडवला. तिथला मध्ययुगीन नियम बाजूला सारून १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आला. एखाद्या संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर आधी व्यापारातला जाणकार तिची प्राथमिक किंमत काढतो. सापडवणारा, जमीनमालक आणि संग्रहालय आपापलं म्हणणं मांडतात. मग स्वतंत्र मूल्यांकन समिती वस्तू प्रत्यक्ष पाहून रक्कम सुचवते. कसोटी एकच: राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा खुल्या बाजारात कुठल्या आकड्यावर थांबले असते? अलीकडच्या लिलावांतले भाव, वस्तूची अवस्था, दुर्मीळपणा, आणि मोठा साठा एकदम बाजारात आला तर भाव किती पडेल, हे सगळं त्यात धरलं जातं. साधारणपणे निम्मे पैसे सापडवणाऱ्याला, निम्मे मालकाला. परवानगीशिवाय कुणाच्या शेतात शिरलेल्याची रक्कम कापता येते, आणि उत्खननावरच्या पुरातत्त्वज्ञाला बक्षीस मिळत नाही.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. २००९ मध्ये सापडलेल्या स्टॅफर्डशायरच्या सोन्याला ३२ लाख ८५ हजार पौंड मिळाले. सॉमरसेटमधल्या च्यू व्हॅलीत २०१९ मध्ये सात जणांना मिळालेली २५८४ चांदीची नाणी २०२४ मध्ये ४३ लाख पौंडांना संग्रहालयासाठी घेण्यात आली. हिअरफोर्डशायरमध्ये मात्र दोघांनी २०१५ मध्ये सापडलेला साठा लपवून परस्पर विकला. त्यांना २०१९ मध्ये तुरुंग दिसला.

हे ऐकून लगेच तिकडचा कायदा उचलून आणावा असं वाटेल. तसं करू नये. बाजारभाव म्हणजे ऐतिहासिक मोल नव्हे. सोन्याचा तुकडा कोट्यवधींना जातो आणि शेजारी सापडलेल्या, कालमापनाला अधिक उपयोगी अशा खापराला कुणी विचारत नाही. शिवाय संग्रहालयाला पैसे उभे करता आले नाहीत तर तिथे वस्तू सापडवणाऱ्याला परत जाते.

आणि आपल्याकडे गुप्तधनाचं वेड काही कमी नाही. मार्च २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटाचा बोलबाला असताना सातपुड्यात, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडला शेकडो लोक टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन रात्रभर शेत उकरत होते. पायाळू माणसाला धन दिसतं या समजुतीपायी आजही घरातली जमीन खणली जाते. गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात जागा द्यावी लागली ती उगाच नाही. अशा मुलखात बाजारभावाचं बक्षीस जाहीर केलं तर उरल्यासुरल्या गढ्याही वर्षभरात पोखरल्या जातील, असं कुणी म्हटलं तर ते हसण्यावारी नेता येणार नाही.

पण खणणारा आणि सापडवणारा यांत फरक करता येतो, आणि त्यासाठी विलायतेला जायची गरज नाही. आपल्याच १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपत्ती अधिनियमात सरकारने एखादी पुरावस्तू सक्तीने संपादन केली आणि भरपाईवर एकमत झालं नाही, तर लवाद नेमण्याची तरतूद आहे. लवादाने काय पाहावं? वस्तूचा काळ, तिचं कलात्मक, ऐतिहासिक, पुरातत्त्वीय महत्त्व आणि तिचा दुर्मीळपणा. त्याच्या मदतीला जाणकारही देता येतो. म्हणजे शहरातल्या संग्राहकाच्या दिवाणखान्यातली मूर्ती सरकारने घेतली तर तिचा इतिहास मोजायचा. मंगरूळपीरच्या शेतकऱ्याच्या वावरातली घेतली तर तिचं वजन करायचं. एकाच देशात, एकाच प्रकारच्या वस्तूला दोन मापं.

कलम १६ मधल्या धातूच्या किमतीच्या जागी १९७२ च्या कायद्याचे हे निकष बसवणं एवढंच करायचं आहे. नांगरताना, पाया खणताना, माती वाहताना अवचित सापडलं आणि जागचं न हलवता कळवलं, तर पूर्ण रक्कम. मुद्दाम उकरून काढलं तर छदामही नाही. लिलावातली एक तलवार सोडवायला ४७ लाख काढणाऱ्या सरकारला जिल्ह्याजिल्ह्यांत अशा प्रामाणिक माणसांसाठी थोडी तरतूद करणं जड जाऊ नये.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर गढीची माती काढताना किंवा विहिरीच्या कामावर कुणाच्या फावड्याला गाडगं लागलं, तर चार गोष्टी पाळाव्यात. नाणी चिंच-राखेने घासू नयेत, वरच्या थरासोबत अक्षरंही जातात. आठवण म्हणून एकेक वाटून घेऊ नये. गाडगं, त्याची माती आणि जागा यांचे मोबाइलवर फोटो काढावेत. आणि तलाठ्याला तोंडी सांगून न थांबता जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने लेखी अर्ज द्यावा, त्यात तारीख, ठिकाण, नग आणि वजन लिहावं, आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नये.